पांढरा पळस : ओळख, अंधश्रद्धा आणि जतन

माघ सरून फाल्गुन लागला की म्हसावदच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा पळसाच्या फुलांनी केशरी होतो. शेतांचे बांध, नाल्यांचे काठ, गायरान आणि डोंगरउतार यांवर एकही पान नसलेली, केवळ फुलांनी लगडलेली झाडे उभी असतात. आमच्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे दृश्य पाहिलेले आहे. भोंगऱ्या बाजाराला जाताना, होळीसाठी गावी परतताना, तोरणमाळच्या वाटेवर त्याची सोबत पळसानेच केलेली आहे.

या केशरी पळसांच्या जातीत क्वचित एखादे झाड असे निपजते, की ज्याची फुले पिवळी असतात. आणि त्याहूनही क्वचित एखादे असे, की ज्याची फुले पांढरी असतात. विदर्भात व मध्य प्रदेशच्या जंगलपट्ट्यात असे झाड दिसल्याची बातमी बहुधा दर फाल्गुनात वर्तमानपत्रांत येते. बातमी येते, लोक पाहायला जातात, छायाचित्रे काढतात. आणि पुढे त्या झाडाचे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला याच चौकशीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. दुर्मीळ रंगाचे रानझाड सापडणे ही योगायोगाची गोष्ट आहे. ते टिकवणे हे मात्र ज्ञानाचे, शिस्तीचे आणि अनेकांच्या सहभागाचे काम आहे.

पळसाचे आपल्या जीवनातील स्थान

पळसाचे शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, त्यावरून हे नाव पडले. संस्कृतात त्याला पलाश आणि किंशुक अशी नावे आहेत; गुजराती मुलखाला लागून असलेल्या आपल्या भागात खाखरा हे नावही कानी पडते. एका देठावर तीन पर्णिका असतात, म्हणून ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वतोमुखी झाली.

या झाडाचा उपयोग नाही असा अवयव शोधून सापडणार नाही. पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात. फुलांपासून होळीचा रंग निघतो. बियांना पळसपापडी म्हणतात. जंतांवरील औषध म्हणून ती पूर्वापार वापरली जाते. खोडातून तांबडा डिंक पाझरतो. मुळांच्या सालीच्या धाग्यांपासून दोर वळतात. लाखेच्या किड्याला आश्रय देणाऱ्या झाडांत पळसाचे स्थान पहिल्या काही झाडांत आहे. ज्या माणसाकडे जमिनीचा तुकडा नव्हता, त्यालाही पळसाने पत्रावळीचे चार पैसे मिळवून दिले आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पळस गावांच्या नावांतही भेटतो. शिरपूर तालुक्यात आग्रा रस्त्यावर पळसनेर आहे. पळसगाव, पळसखेड ही नावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. २३ जून १७५७ रोजी ज्या रणांगणावर बंगालची सत्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली, त्या प्लासी गावाचे नावही पलाशावरूनच पडलेले आहे. एवढे सर्वपरिचित झाड असल्यामुळेच त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

किंशुकाचा दृष्टान्त

निरखून पाहण्याचा धडा पाली साहित्यात किंशुकाच्याच निमित्ताने दिलेला आहे. संयुत्तनिकायात किंसुकोपम सुत्त आहे. ज्याने किंशुक कधी पाहिला नाही असा एक मनुष्य, ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना विचारीत जातो. एक सांगतो, तो जळालेल्या खुंटासारखा काळा असतो. दुसरा सांगतो, तो मांसाच्या तुकड्यासारखा लाल असतो. तिसरा सांगतो, त्याची साल लोंबत असते व शेंगा शिरीषासारख्या फुटलेल्या असतात. चौथा सांगतो, तो वडासारखा दाट सावलीचा असतो. चौघेही खरे बोलतात. कारण प्रत्येकाने तो वेगवेगळ्या ऋतूत पाहिलेला असतो. जातककथांतही चार राजपुत्रांची अशीच कथा आहे.

या दृष्टान्ताचा धम्मविषयक अर्थ आपल्या विद्यार्थ्यांना परिपाठात अनेकदा सांगितला जातो. येथे आम्ही त्याचा साधा, वनस्पतिशास्त्रीय अर्थ घेतो. पळस वर्षातून चार रूपे धारण करतो. हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळून तो खुंटासारखा दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. उन्हाळ्यात शेंगा पिकतात आणि नवी पालवी दाट होते. या चार रूपांपैकी केवळ एका रूपात, म्हणजे फुलांच्या काही आठवड्यांत, पांढरा पळस कोणालाही पटकन ओळखता येतो. उरलेल्या काळात तो शेजारच्या शंभर पळसांसारखाच एक पळस असतो. जून महिन्यात बांध साफ करणाऱ्या शेतकऱ्याला, रस्ता रुंद करणाऱ्या यंत्रचालकाला किंवा सरपणासाठी फांद्या तोडणाऱ्या बाईला ते झाड वेगळे आहे हे कळण्यास काही मार्ग नसतो. जतनातील पहिली अडचण ही अशी आहे, आणि तिचे उत्तरही त्यातच आहे : फुलोऱ्यात असतानाच झाडाची नोंद व्हावयास हवी.

रंग बदलतो कसा?

पळसाच्या फुलाचा केशरी रंग ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन यांसारख्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये वनस्पतीच्या पेशींत टप्प्याटप्प्याने तयार होतात. प्रत्येक टप्प्याला एक विकर लागते आणि ते विकर कसे घडवावे याची आज्ञा जनुकात असते. अशा एखाद्या जनुकात बिघाड झाला, तर साखळी तेथेच थांबते आणि रंग फिका होतो अथवा मुळीच उतरत नाही. वनस्पतींत पांढरी फुले निपजण्याचे हे एक सर्वसामान्य कारण आहे. त्यात चमत्कार नाही, शाप नाही आणि वरदानही नाही.

हा विषय दहावीच्या विद्यार्थ्याला मेंडेलच्या प्रयोगावरून चांगला समजतो. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली आपला मटारावरील निबंध प्रसिद्ध केला. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या मटारांचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व झाडांना जांभळीच फुले आली. पांढरा रंग नाहीसा झाला असे वाटले. परंतु दुसऱ्या पिढीत ७०५ झाडांना जांभळी व २२४ झाडांना पांढरी फुले आली. पांढरा गुण लुप्त झाला नव्हता, तो झाकलेला होता. मटाराच्या या पांढऱ्या फुलामागील नेमके जनुक शास्त्रज्ञांनी ओळखले ते २०१० साली, म्हणजे मेंडेल यांच्या निबंधानंतर १४४ वर्षांनी.

यातून पळसाविषयी दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक, पांढऱ्या पळसाच्या आसपास सर्वत्र केशरी पळस असतात आणि मध पिणारे पक्षी या झाडावरून त्या झाडावर जातात. म्हणून पांढऱ्या झाडाच्या बीपासून वाढलेले रोप पांढरेच फुलेल, अशी हमी देता येत नाही. दोन, ते केशरी फुलले तरी तो पांढरा गुण त्याच्या ठायी झाकलेला असू शकतो. ‘फसले’ म्हणून ते उपटून टाकणे चुकीचे ठरेल.

पळसाच्या पिवळ्या प्रकाराला वनस्पतिशास्त्रात ‘ल्युटिया’ असे स्वतंत्र नाव आहे. ल्युटिया म्हणजे पिवळा. आपल्याकडील राजनिघंटूत तर फुलांच्या रंगांवरून पलाशाचे चार प्रकार सांगितले आहेत : तांबडा, पिवळा, पांढरा आणि निळा. यांपैकी पहिले तीन डोळ्यांनी पाहता येतात. निळ्या पळसाची वनस्पतिशास्त्रात नोंद नाही. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नये, तपासून पाहावे, हा कालामांना दिलेला उपदेश झाडांच्या अभ्यासातही तितकाच उपयोगी आहे.

निराळा रंग आणि निराळी जात

येथे विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्टीकरण अगत्याचे आहे. एकाच जातीतील रंगाचा फरक ही एक गोष्ट, आणि मुळातच दुसऱ्या जातीचे झाड ही दुसरी गोष्ट. काटेसावरीची फुले सहसा लाल असतात. तिच्यातच कधी पिवळट फुलांचे झाड आढळते, तो रंगाचा फरक झाला. परंतु पांढरी सावर ही काटेसावरीचा पांढरा प्रकार नसून स्वतंत्र जात आहे. पिवळ्याधमक फुलांची सोनसावर ऊर्फ गणेर तर वेगळ्याच कुळातील आहे. कांचनाच्या गुलाबी-जांभळ्या फुलांच्या जातीत पांढऱ्या फुलांची झाडे असतात. पण झुडपासारखा वाढणारा, केवळ पांढरीच फुले देणारा कांचन ही निराळी जात होय. पांगाऱ्यातही लाल फुलांच्या जातीत पांढऱ्या फुलांची झाडे आढळतात. ‘दुर्मीळ झाड सापडले’ असे जाहीर करण्यापूर्वी पान, साल, शेंग व फूल अशा चारही अंगांनी खात्री करून घेतली पाहिजे.

पांढऱ्या पळसाचे दोन वैरी

पांढऱ्या पळसाचा पहिला वैरी अज्ञान. त्याविषयी वर सांगितलेच आहे. झाड ओळखू न येता तुटते. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे. ती आग पसरली की पळसाच्या मुळांतून फुटलेले कोंब जळून जातात. वेचणाऱ्यांच्या पोटाचा तो प्रश्न आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा पाचोळा झाडूने बाजूला करण्याची व जाळी अंथरण्याची रीत रुजवणे हिताचे आहे. निष्कारण वने जाळू नयेत, अशी आज्ञा सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरून ठेवली आहे.

दुसरा वैरी अधिक घातक आहे, कारण तो झाड ओळखून येतो. तो वैरी म्हणजे अंधश्रद्धा. पांढऱ्या पळसाचे मूळ घरात ठेवले की धन येते, त्याच्या फुलाने वशीकरण होते, त्याच्या साहाय्याने गुप्तधनाचा ठाव लागतो, असले समज मध्य भारतात दूरवर पसरलेले आहेत. त्यामुळे झाड सापडल्याची वार्ता फुटली की साल सोलणारे, मुळे खणणारे आणि फुले ओरबाडणारे लोक येतात. खोडाभोवतीची साल पूर्ण वर्तुळात सोलली गेली, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरते. धन कोणालाच मिळत नाही. गरिबाच्या गाठीचे पैसे मात्र मांत्रिकाच्या हाती जातात आणि शतकातून एखादा निपजलेला वृक्ष जातो.

या फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अमानुष व अघोरी कृत्ये या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्याही आधी या भूमीत याविषयी बोलले गेले आहे. अशोकाच्या नवव्या शिलालेखात आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेल्या निरर्थक मंगलविधींवर टीका आहे. त्या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे मिळाला. आणि तो मिळाला १९५६ साली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांना निरर्थक विधींच्या बंधनातून मुक्त होण्याचा मार्ग दाखविला. हा योग आम्हां इतिहासाच्या शिक्षकांना विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पांढरा पळस सात्त्विक, श्रेष्ठ आणि तांबडा पळस सामान्य, असे बोलण्याची पद्धत आहे. वर्ण या शब्दाचा मूळ अर्थ रंग. रंगावरून उच्चनीच ठरविण्याचे परिणाम या देशाने माणसांच्या बाबतीत भोगले आहेत. ती खोड झाडांना लावू नये. पांढरा पळस दुर्मीळ आहे म्हणून जपावयाचा, श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. शिवाय त्याच्या फुलांना परागकण पुरविणारे बहुतेक शेजारी केशरीच असतात. शेजारचे शंभर केशरी पळस तोडून मधला एक पांढरा राखला, तर ते जतन नव्हे.

एकाच जागी असलेले झाड सुरक्षित नसते

जगाच्या इतिहासात या विधानाचा पुरावा मिळतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा ग्वाय बेटांवर स्प्रूस जातीचे एक झाड होते. त्याची पाने हिरवी नसून सोनेरी होती. सुमारे तीनशे वर्षांचे, पन्नास मीटर उंचीचे हे झाड तेथील हैदा या आदिवासी समाजाला पूज्य होते. जानेवारी १९९७ मध्ये एका माणसाने रात्री जाऊन त्याचे खोड करवतीने कापले आणि दोनच दिवसांत ते कोसळले. तो वृक्ष परत येणे शक्य नव्हते. परंतु त्याच्या फांद्यांपासून केलेली कलमे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात आधीपासून वाढत होती, म्हणून तो सोनेरी वंश पूर्णपणे बुडाला नाही.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण बोधिवृक्षाचे आहे. रंगाच्या वेगळेपणाशी त्याचा संबंध नाही, परंतु जतनाची रीत तीच आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रेने बोधगयेच्या वृक्षाची फांदी सिंहलद्वीपात नेली आणि ती अनुराधपूर येथे रुजली. पुढे शशांक राजाने बोधगयेचा वृक्ष तोडल्याचे ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे. १८७६ साली तेथील जीर्ण वृक्ष वादळात उन्मळून पडला आणि १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. या सर्व उलथापालथीत अनुराधपूरचा वृक्ष मात्र उभा राहिला. सारनाथला १९३१ साली लावलेला बोधिवृक्ष आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष हे त्याच अनुराधपूरच्या वृक्षाचे वंशज आहेत. एक फांदी वेळेवर दुसऱ्या जागी लावली गेली, म्हणून दोन हजार वर्षांनी वंश मायभूमीत परतू शकला.

जतनाच्या रीती

पळसाचा वंश वाढविण्याच्या मुख्य रीती आम्ही क्रमाने देतो.

पहिली रीत मुळांच्या कोंबांची. पळसाच्या आडव्या मुळांतून आपोआप नवे कोंब फुटतात. हे कोंब आईच्याच देहाचा भाग असल्यामुळे त्यांचा रंग आईसारखाच असतो. त्यांना चराई व आग यांपासून राखणे हे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे जतन होय. कोंब नसतील तर पावसाळ्याच्या आरंभी खोडापासून दोन-तीन हात दूर, एकाच बाजूचे बोटभर जाडीचे मूळ हळुवार उघडे करून त्यास किंचित जखम करावी व पुन्हा मातीने झाकावे. जखमेजवळ कोंब फुटला आणि त्याने स्वतःची मुळे धरली, की पुढील पावसाळ्यात तो वेगळा करून लावता येतो. खोडाजवळची जाड मुळे कधीही तोडू नयेत.

दुसरी रीत गुटी कलमाची. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी फांदीवरील सुमारे एक इंच रुंदीची साल वर्तुळाकार काढून तेथे ओले शेवाळ गुंडाळावे व प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बांधावे. मुळे दिसू लागल्यावर फांदी खालून कापून पिशवीत लावावी. एका झाडावर पाच-सहा गुट्या बांधाव्यात, कारण सर्वच धरतात असे नाही. वर आम्ही साल सोलण्यास झाडाचा मृत्यू म्हटले आणि येथे साल काढण्यास सांगतो, यात विसंगती नाही : खोडाची साल गेली तर संपूर्ण झाड जाते, एका बारीक फांदीची गेली तर फार तर ती फांदी जाते.

तिसरी रीत बियांची. मे-जूनमध्ये पिकलेल्या शेंगा गोळा कराव्यात. पळसाचे बी फार काळ जिवंत राहत नाही, म्हणून ते ताजेच पेरावे. सोटमूळ खोल जाते, यास्तव उंच पिशव्या वापराव्यात. प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक लिहावा. ही रोपे फुलण्यास अनेक वर्षे लागतात. आठवीतला विद्यार्थी बी पेरील आणि फूल पाहील तेव्हा तो कदाचित स्वतः पालक झालेला असेल. निवासी शाळेसारखी संस्था या कामाला योग्य आहे ती याच कारणाने : विद्यार्थी बदलतात, नोंदवही तीच राहते.

याखेरीज प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनाची रीत आहे. ती विद्यापीठे व संशोधन संस्थांनी हाती घ्यावी.

बियाणे जपण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. धडगाव तालुक्यात बायफ या संस्थेच्या सहकार्याने आदिवासी शेतकऱ्यांनी मका व ज्वारीच्या देशी वाणांच्या बियाणे बँका चालविल्या आहेत. निरनिराळ्या रंगांच्या दाण्यांचे मक्याचे वाण त्या हातांनीच राखले. जे हात पांढरा, पिवळा, तांबडा मका वेगवेगळा ठेवू जाणतात, त्यांना पळसाचे रंग राखणे अवघड नाही.

नोंद कशी व कोठे करावी

झाड आढळताच ताज्या उमललेल्या फुलाचे, संपूर्ण झाडाचे, पानाचे व सालीचे छायाचित्र घ्यावे. फुलाखाली कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे रंग पांढरा की फिका पिवळा हे स्पष्ट होते. कोमेजलेल्या फुलावरून निर्णय करू नये. दुसऱ्या वर्षी त्याच झाडाची पुन्हा पाहणी करावी. एखादी फुललेली डहाळी दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाकडे अथवा पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे ओळख पटविण्यास पाठवावी.

जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशा झाडाची नोंद त्या वहीत व्हावी. वनहक्क कायदा २००६ ने वनहक्कधारकांना व ग्रामसभेला वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. वनजमिनीवरील झाडाची गुटी बांधणे किंवा बी गोळा करणे हे वनखात्याला कळवून व ग्रामसभेच्या संमतीनेच करावे.

मात्र येथे एक पेच आहे. नोंद केली नाही तर झाड अज्ञानाने जाते. गाजावाजा केला तर ते अंधश्रद्धेने जाते. आमच्या मते यावर मध्यम मार्ग असा की, झाड आहे ही गोष्ट सर्वांना सांगावी, परंतु ते नेमके कोठे आहे हे ग्रामसभा, जमिनीचा मालक, वनखाते व अभ्यासक यांच्यापुरतेच ठेवावे. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकताना गावाचे नाव, वाट आणि नकाशावरील खूण देऊ नये. आणि झाडाची रोपे चार ठिकाणी वाढू लागली, की हे गुपित राखण्याची गरजही हळूहळू कमी होते. ज्या वस्तूची रोपे शाळेच्या आवारातही उभी आहेत, तिच्यात गुप्तधनाची शक्ती आहे असे कोणी कोणाला पटवून देऊ शकत नाही. विपुलता हा अंधश्रद्धेवरचा एक उत्तम उतारा आहे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. होळीच्या सुट्टीत आपल्या गावाच्या शिवारातील फुललेले पळस मोजावेत. केशरी, पिवळा, पांढरा असे तीन रकाने करावेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी ती नोंदही मोलाची आहे. दहा वर्षांनी तुलना करण्यास ती उपयोगी पडते.

२. आजी-आजोबांना विचारावे : पळसाला आपल्या बोलीत काय म्हणतात? वेगळ्या रंगाचा पळस कधी कोणी पाहिला होता काय? ते झाड आज आहे काय? मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत.

३. वर्गात दोन रंगांचे मणी घेऊन मेंडेलच्या दुसऱ्या पिढीचा हिशेब मांडावा आणि ७०५ व २२४ या संख्यांचे गुणोत्तर काढावे.

४. ‘पांढऱ्या पळसाने धन मिळते’ असे सांगणाऱ्यास कोणते पाच प्रश्न विचाराल, ते लिहावे.

५. शाळेच्या कुंपणालगत या पावसाळ्यात प्रत्येक तुकडीने पाच पळस लावावेत. बी साध्या केशरी पळसाचे असले तरी चालेल. ज्या दिवशी एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या गावातून पांढऱ्या पळसाचा कोंब येईल, त्या दिवशी त्याला शेजार हवा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज शिक्षक आहेत, तलाठी आहेत, वनरक्षक आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, आणि शेती करणारे तर बहुसंख्य आहेत. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत त्यांची वस्ती पसरलेली आहे. एवढे डोळे कोणत्याही सरकारी सर्वेक्षणाला लाभणार नाहीत. येत्या फाल्गुनात त्यांनी आपापल्या बांधावरच्या पळसाकडे एकदा थांबून पाहावे, आणि काही वेगळे दिसले तर तारीख घालून शाळेला एक पत्र लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.